तीन वॅट पुरतात का?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली आहे. कोणाचा डोळा लागला तर राग मानणार नाही. विषय मात्र तुम्हीच दिलात. निवृत्तीनंतर आपल्या वर्गातल्या चौघांनी मला फोनवर एकच प्रश्न विचारला, "अरे, घरी गाणं ऐकायला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यायचाय. कोणता घेऊ?"

या प्रश्नाचं मूळ मला ठाऊक आहे. शाळेच्या ऑफिसातला रेडिओ आठवतो ना? बटण फिरवलं की अर्धा मिनिट काहीच नाही. मग डायलमागे पिवळा उजेड आणि हळूहळू वर येणारा आवाज. विज्ञानाच्या सरांनी एकदा त्याचं मागचं पुठ्ठं काढून आतले तापलेले व्हॉल्व्ह आपल्याला दाखवले होते. दाखवताना त्यांचा एक हात खिशात होता. आत अडीचशे व्होल्ट असतात, दोन्ही हात आत घातले तर धक्का छातीतून जातो, म्हणून. तो धडा मला आयुष्यभर उपयोगी पडला.

तरीही मी स्वतः चुकलो. हौसेने साडेतीन वॅटचा अँप्लिफायर घेतला आणि घरातल्या लहान स्पीकरना जोडला. आलाप सुरेख वाजला. तबला द्रुत लयीत आला आणि थाप बसल्यासारखी, फाटल्यासारखी ऐकू येऊ लागली. अँप्लिफायर चांगला होता, स्पीकरही चांगले होते. जोडी चुकली होती.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की अँप्लिफायर शेवटी निवडा. आधी खोली, मग स्पीकर, मग तो.

स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता डेसिबलमध्ये लिहिलेली असते. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज येतो, ते सांगणारा हा आकडा. समजा तो ८७ आहे. आपल्या दिवाणखान्यात अडीच-तीन मीटरवर बसलं, की दोन स्पीकर मिळून एका वॅटला साधारण ८२-८३ डेसिबल मिळतात. निवांत ऐकताना सरासरी ७५ पुरे होतात. त्याला वॅटचा सहावा हिस्सा लागतो! पण तबल्याची थाप सरासरीपेक्षा १५ डेसिबल वर उसळू शकते, आणि १५ डेसिबल म्हणजे बत्तीस पट शक्ती. सहाव्या हिश्शाचे झाले पाच वॅट. माझे स्पीकर ८५ चे होते. त्यांना आठ वॅट हवे होते, मी दिले साडेतीन. तेच स्पीकर ९३ चे असते, तर सव्वा वॅटात काम झालं असतं. दर तीन डेसिबलला गरज निम्मी होते, एवढं लक्षात ठेवा.

आता व्हॉल्व्ह. टूएथ्री एकटा साडेतीन वॅट देतो, ईएल८४ एकटा पाचेक वॅट आणि ३००बी आठेक. ईएल८४ ची जोडी पुश-पुल पद्धतीने लावली, तर बारा वॅटच्या वर जाते. स्पीकर ८७-८८ चे असतील तर माझा कौल या जोडीला. हा व्हॉल्व्ह जुन्या रेडिओंतही असे, रशिया आणि स्लोव्हाकियात आजही बनतो, आणि ३००बी पेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

अँप्लिफायर उचलून बघा. हलका लागला तर शंका घ्या. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो चार-आठ ओहमचा. ही सोयरीक जुळवतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्यात लोखंड कमी पडलं, तर डग्ग्याची घुमक हरवते. परदेशातून आणत असाल तर तो २३० व्होल्टचाच आहे ना, ते बघा. स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. घरात नातवंडं असतील तर वर जाळी हवीच, काच चांगलीच भाजते. आणि बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. तेव्हा सरांचा खिशातला हात विसरू नका.

एक मनातलं सांगतो. चांगला ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर मोजमापात व्हॉल्व्हपेक्षा स्वच्छ असतो, आणि स्वस्तही. व्हॉल्व्ह आवाजात स्वतःची थोडी भर घालतो. ती काहींना गोड लागते, मलाही लागते. पण साठीनंतर वरचे सूर आपल्या कानांना कमी ऐकू येतात, आणि तो दोष कोणताही अँप्लिफायर भरून काढत नाही. निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम घालण्याआधी कान तपासून घ्या. त्यातून बारा वर्षांचे असतानाचे कान परत मिळतील, या आशेवर तर मुळीच घेऊ नका.

घाई करू नका. आपापले स्पीकर आणि आवडीची रेकॉर्ड घेऊन माझ्याकडे या. माझा साडेतीन वॅटचा अजून आहे, आता त्याला ९३ चे स्पीकर आहेत. अर्धा मिनिट थांबायची तयारी ठेवा. तोवर चहा होईल.