इंद्रायणीत सोडलेली पिशवी

मागच्या मंडळींनी जरा पुढं सरकून बसावं.

माऊली, आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर कधी निवांत उभं राहून बघा. एक बाई येते. देव्हाऱ्यातली आठवडाभराची फुलं, तुळस, बेल, सगळं पिशवीत बांधून आणलेलं. हात जोडते, डोळे मिटते आणि पिशवी गाठीसकट पाण्यात सोडते. तिचा भाव खोटा आहे का? मुळीच नाही. भाव सोन्यासारखा आहे. पण पिशवी प्लॅस्टिकची आहे, महाराज!

आता ही पिशवी जाते कुठं? इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणातून पुढं जाते, आणि तीच पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. म्हणजे बघा, आपण वारीला पायी निघतो आणि आपला कचरा त्याच वाटेनं पाण्यातून निघतो! एखादी पिशवी धरणात अडकेल, एखादी काठच्या बाभळीला लटकेल. पण उन्हापाण्यानं तिचे बारीक तुकडे झाले की ते कोण वेचणार? आणि त्याच पाण्याचं आपण तीर्थ घेतो.

गाडगेबाबा आठवा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस. हातात खराटा, अन् ज्या गावी कीर्तन असेल ते गाव दिवसा झाडायचं, मग रात्री कीर्तनाला उभं राहायचं. आधी खराटा, मग देव! आम्ही कीर्तनकार मात्र झाडलेल्या मांडवात येतो, हार घालून घेतो. तो हार दुसऱ्या दिवशी कुठं जातो, हे आम्हालाही कुणी विचारावं.

तर करायचं काय? सोपं आहे. हारातला दोरा, जर, प्लॅस्टिकची फुलं काढून घ्या. नारळाची शेंडी, करवंटी बाजूला ठेवा, चुलीला चालते. उरलेली फुलं-पानं एका जुन्या बादलीत टाका, बुडाला चार भोकं पाडून. एक थर फुलांचा, एक थर वाळल्या पाल्याचा, वर मूठभर माती. ओल हवी, पण चिखल नको. वास यायला लागला की पाला कमी पडतोय असं समजा. दोन-तीन महिन्यांत काळी माती होते. ती तुळशीच्या कुंडीत घाला. देवाला वाहिलेलं फूल पुन्हा तुळशीला मिळालं, यापेक्षा चांगलं विसर्जन कुठलं?

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण कापून टाकू नका. तो तुकडा कुणी उचलत नाही. तसाच लोंबता राहू द्या, पिशवी धुऊन वाळवा, भंगारवाल्याला द्या. खरकटी पिशवी तो घेत नाही. ती उकिरड्यावर जाते, आणि आतल्या शिळ्या भाकरीच्या वासानं गाय पिशवीसकट खाते. गायीच्या पोटातून किलोकिलोनं प्लॅस्टिक निघतं. गोमातेच्या नावानं जयजयकार करणारे आपणच ना?

थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी अजून पंगतीला दिसतात.

आजच्या महाप्रसादाची पंगत पळसाच्या पत्रावळीवर आहे. पाण्याला द्रोण नाहीत, ज्याचा त्याचा तांब्या. पत्रावळी उचलून मांडवामागच्या खड्ड्यात टाकायच्या, वर माती लोटायची. खोरं तिथंच ठेवलंय. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!