गिरणी बंद पडल्यावर कामगाराचा हक्क कोणता?

(नांदेड येथे कामगार कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



नांदेडची उस्मानशाही गिरणी निजामी राजवटीत उभी राहिली, पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. ती केवळ परदेशी कापडामुळे बुडाली असे मी म्हणणार नाही. जुनी यंत्रे आणि यंत्रमागांची चढाओढ यांनी त्या काळच्या अनेक गिरण्या खचल्या. परंतु लातूरकडच्या तेल गिरण्यांवर जे दडपण आले, त्यात परदेशी मालाचा हात उघड आहे. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली. तेव्हा त्यावर ६५ टक्के जकात होती. पाच वर्षांच्या आत ती १५ टक्क्यांवर उतरली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील एकूण जकात ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाली. मे २०२५ मध्ये ती पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणली गेली.

हे आकडे मी मुद्दाम सांगत आहे. जकात उतरणे ही अतिवृष्टी नव्हे किंवा दुष्काळ नव्हे. तो सरकारने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्याने तेल स्वस्त होते, आणि त्याचा लाभ आपल्या घरच्या चुलीलाही मिळतो. परंतु त्याची किंमत गिरणीतला थोडा कामगारवर्ग आपली रोजी गमावून देतो. सर्वांच्या लाभासाठी ज्याची भाकरी गेली, त्याचा भार सर्वांनी उचलला पाहिजे. ही भीक नव्हे, हे न्याय्य देणे आहे.

अमेरिकेने हे तत्त्व १९६२ साली कायद्यात आणले. आयातीमुळे काम गेले असे ठरल्यास भत्ता आणि नवे शिक्षण देण्याची त्यात तरतूद होती. परंतु अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगार-गटाचा अर्ज मंजूर झाला नाही. आणि जुलै २०२२ पासून तर नवे अर्ज घेणेच थांबले. कायदा कागदावर आला म्हणजे हक्क घरी आला असे होत नाही, हा यातला धडा आहे.

आपल्याकडे काय आहे? परदेशी माल अतिस्वस्त दराने येऊ लागला तर कारखानदारास सरकारकडे संरक्षक जकात मागता येते. उद्योगास हानी झाली की नाही हे तपासताना रोजगार आणि वेतन किती घटले, हेही पाहिले जाते. म्हणजे कामगाराची बेकारी पुरावा म्हणून चालते. पण संरक्षण मिळते ते मालकाच्या मालाला. त्या कामगाराला काय मिळावे, याविषयी तो कायदा मौन बाळगतो.

१९८६ साली बंद पडलेल्या खाजगी कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना निघाली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य असे तिचे स्वरूप होते. तेल गिरणीच्या कामगारास तिचा उपयोग नव्हता. २००५ साली राज्य कामगार विमा योजनेत बेकारी भत्ता आला. तो मात्र विमाधारकासच मिळतो.

नुकसानभरपाईचा नियम जुना आहे. कारखाना बंद झाल्यास दर पूर्ण वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचे वेतन. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातही तो कायम आहे. मालकाच्या ताब्याबाहेरच्या अपरिहार्य कारणाने कारखाना बंद झाला, तर ही भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित होते. परंतु निव्वळ आर्थिक तोटा किंवा न खपलेला माल हे तसे अपरिहार्य कारण मानले जात नाही. म्हणून “परदेशी तेल स्वस्त झाले, मी बुडालो,” एवढे सांगून मालकास हात झटकता येणार नाहीत. हे वाक्य घरोघरी पाठ करा.

आता आपल्या वर्गाविषयी. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तेथे सुताला तोंड लावावे लागे. बाबासाहेबांनी हा अन्याय जाहीरपणे मांडला. आज तसा मज्जाव कोणी उघडपणे करीत नाही. पण ठेकेदाराकडचा हमाल, बदली कामगार, सरकी आणि डाळ निवडणारी बाई यांची नावे अनेकदा हजेरीपटावर नसतात. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, तो कायद्यापुढे कामगार म्हणून उभा कसा राहणार? गिरणी बंद होते तेव्हा काम सर्वांचे जाते. पण भरपाई मिळते ती नाव असलेल्यालाच.

म्हणून गिरणी चालू आहे तोवरच जागे व्हा. हजेरीकार्ड, पगारचिठ्ठी, विम्याचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घरात जपून ठेवा. स्त्रियांनी आपली कागदपत्रे स्वतःच्या नावाने मागावीत. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या राजीनाम्यावर अंगठा देऊ नका. राजीनामा दिला की “स्वखुशीने गेला” असे मालक म्हणतो. दावा मुदतीतच करावा लागतो, हेही विसरू नका.

घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत बेकारीच्या प्रसंगी साहाय्य मिळण्याचा हक्क सुरक्षित करावा, असे सांगितले आहे. न्यायालयात हे कलम बजावून घेता येत नाही. पण मतपेटीपुढे आणि संघटनेपुढे त्याला बळ आहे. तेव्हा आपली मागणी एकच असावी: सरकार ज्या दिवशी जकात उतरवील, त्याच दिवशी त्या धंद्यातील कामगारांच्या साहाय्याचीही तरतूद करील; आणि त्यात ठेक्यावरचा शेवटचा हमालही मोजला जाईल.

जय भीम!