शरभशास्त्रींची बासरी



तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुविसनल्लूर हे गाव आहे.
तंजावरच्या शहाजीराजे भोसल्यांनी ते विद्वानांना दान दिलं.
आपलं मराठी माणसांचं या भागाशी नातं इतकं जुनं!

याच कुंभकोणममध्ये शरभशास्त्री होऊन गेले.
बालपणीच त्यांची दृष्टी गेली.
वाचून शिकणं शक्य नव्हतं.
सारं संगीत कानांनी टिपलं,
आणि बासरीत उतरवलं.

तेव्हा कर्नाटक संगीताच्या मैफलीत बासरीला मानाची जागा नव्हती.
ती शरभशास्त्रींनी मिळवून दिली.
पुन्हा सांगते,
बासरीला मैफलीत मानाची जागा दिली, ती शरभशास्त्रींनी.

१९०४ साली ते गेले.
वय अवघं बत्तीस.
मन हळहळतं.

त्यांचे शिष्य पल्लडम संजीव राव.
गुरूची बासरी त्यांनी पुढे गाजवली.