न पाहणारे डोळे

चित्रातला माणूस आपल्याकडे टक लावून पाहत असला, की ते चित्र बोलके आहे, असे आपण चटकन म्हणतो. राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांनी आणि पुढे फोटोंनी आपल्याला ही सवय लावली. मग जहांगिराच्या काळातली चित्रे पाहताना हिरमोड होतो. बादशहा एका अंगाने उभा. डोळा एकच, आणि त्याचीही नजर दुसरीकडेच लागलेली! मोगल चिताऱ्यांना समोरची नजर साधतच नसावी, असा तर्कही मग कोणी करतो.

या तर्काला उत्तर देणारा साक्षीदार आमच्या बुऱ्हाणपुरावरूनच पुढे गेला. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथे शहाजादा परवेझास भेटला. पुढल्या वर्षी अजमेरीस त्याच्याजवळचे एक लहानसे विलायती व्यक्तिचित्र जहांगिराने आपल्या चिताऱ्याकडून उतरवून घेतले. नकला व मूळ चित्र शेजारी ठेवले, तेव्हा दिव्याच्या उजेडात आपले चित्र ओळखताना रोसाहेबांची क्षणभर पंचाईत झाली. ज्यांचा हात इतका तयार, त्यांना समोरचा डोळा काढता येत नव्हता, हे कोण मानील?

तेव्हा हा संकेत जाणूनबुजून पाळलेला होता. दरबारात बादशहाच्या डोळ्याला डोळा भिडविणे शिष्टसंमत नव्हते. चित्र पाहणारालाही चिताऱ्याने तेच अंतर राखावयास लावले. उरलेले काम खारीच्या केसांच्या कुंचल्याने, पापणीच्या एका रेषेत करावयाचे. बुऱ्हाणपुरात पुष्कळ वर्षे राहिलेल्या अब्दुर्रहीम खानखानाचे हाशिमने काढलेले चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. त्यातला वृद्ध सरदार आपली दखल घेत नाही, आणि म्हणूनच तो कशाचा विचार करीत असेल, याकडे आपले मन वळते. समोर पाहणाऱ्या चित्राशी आपण बोलू लागतो. येथे गप्प राहावे लागते. मला हे दुसरे अधिक अवघड वाटते.

आता बुधवाऱ्यातून तापीपलीकडे झैनाबादेस जाऊ. १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात वारलेल्या मुमताजमहलचे दफन प्रथम तेथे झाले. तिला समोर बसवून काढलेले, खात्रीचे म्हणता येईल असे एकही चित्र नाही. पडद्याआड चिताऱ्याला प्रवेश कोठला? तरी एकोणिसाव्या शतकात दिल्लीच्या कारागिरांनी हस्तिदंतावर तिच्या लंबगोल तसबिरी रंगविल्या, साहेबलोकांनी त्या हौसेने नेल्या, आणि आता त्यांच्याच वळणाचा चेहरा कॅलेंडरांवर दिसतो. त्यांतले डोळे मोठे, पाणीदार आहेत, कित्येकदा थेट आपल्याकडे वळलेले. ते डोळे गिऱ्हाइकाच्या आवडीचे आहेत. त्या बेगमेचे नव्हेत.