अल्प दामात अभिजात कादंबरी



बेलपाड्याहून खारघर स्थानकावर येऊन
लोकलची वाट पाहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या पिशवीत
एखादी जुनी कादंबरी सहज मावेल;
अडचण येते ती किमतीची.

येथे कायदा आपल्या साहाय्यास येतो.
लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांची मुदत सरली,
की वारसांचा स्वामित्वहक्क संपुष्टात येतो,
आणि तो ग्रंथ कोणत्याही प्रकाशकास छापता येतो.
ग्रंथ सर्वांचा होतो,
म्हणून तो स्वस्त होऊ शकतो.

हरिभाऊ आपटे 1919 साली निवर्तले.
आपल्याच ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध केलेल्या
‘पण लक्षांत कोण घेतो’ या ज्या कादंबरीत
यमू स्वमुखाने आपली कहाणी सांगते,
आणि जिच्यातील बळजबरीच्या केशवपनाच्या प्रसंगापाशी
पान उलटणारा हात आजही अडखळतो,
ती म्हणूनच अल्प दामात मिळू शकते.

साने गुरुजी 1950 साली गेले;
‘श्यामची आई’ही याच न्यायाने आता सर्वांची झाली आहे.

मात्र एक खबरदारी घ्यावी.
कागद पातळ असो, बांधणी साधी असो;
परंतु आत ‘संक्षिप्त आवृत्ती’ असे छापलेले आढळल्यास
ती प्रत खुशाल परत ठेवावी.
हरिभाऊंचा पाल्हाळ कित्येकांना जाचतो;
मला तर तोच प्रिय आहे.

पुन्हा सांगतो :
60 वर्षे सरली, की ग्रंथ सर्वांचा.

आणि तेवढाही खर्च जड वाटला,
तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने
मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात.