पळून जाणाऱ्यांचा इतिहास

(कचारगडच्या पायथ्याशी झालेल्या युवा शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून.)



विकली गेलेली माणसं समुद्रमार्गे गुलामीतून कशी निसटली आणि हा इतिहास मुलांना कसा शिकवायचा, हा आजचा विषय. गोंदिया जिल्ह्यात बसून समुद्रावर बोलायचं म्हटल्यावर मघाशी काही जणांना हसू आलं. इथल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. तरी मला ही जागा विषयाला धरून वाटते.

मागच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. गोंडी परंपरेत सांगतात, काली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं. गुहेच्या तोंडावरची शिळा हटली तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाचा जीव गेला. दर माघ पौर्णिमेला वेगवेगळ्या राज्यांतून गोंड बांधव इथे येतात. कोंडलेली मुलं किती होती, शिळा कोणी हटवली, त्यात कोण गेलं, हे सगळं त्यांना पाठ आहे. सुटकेची आठवण अशी ठेवावी लागते, माणसांसकट.

आता शाळेतला इतिहास बघा. मी वीस वर्षं हा विषय शिकवते. गुलामगिरीवर परीक्षेत येणारा प्रश्न ठरलेला असतो: गुलामगिरी कोणी आणि कधी बंद केली? उत्तरंही ठरलेली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ चा कायदा. अमेरिकेत १ जानेवारी १८६३ ची लिंकन यांची घोषणा. उत्तरं बरोबर आहेत. पण त्यांत गुलाम कुठेच काही करत नाही. तो बसून राहतो, कायदा येतो आणि त्याला सोडवतो.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा माणूस आधी निघाला आणि कागद मागून आला. आज मला एवढंच सांगायचं आहे.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. फ्रेडरिक डग्लस बाल्टिमोरच्या गोदीत जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम करायचा. मजुरी मालकाच्या खिशात जायची. ३ सप्टेंबर १८३८ ला तो खलाशाचे कपडे घालून, एका स्वतंत्र काळ्या खलाशाचे कागद उसने घेऊन निघाला आणि आगगाडी, होडी, आगबोट असं करत न्यूयॉर्कला पोचला. गोदीत काम केल्यामुळे खलाशी बोलतात कसे, चालतात कसे हे त्याला माहीत होतं. हॅरिएट जेकब्स आजीच्या घराच्या छपराखाली, जिथे नीट उभंही राहता येत नाही अशा पोकळीत, जवळपास सात वर्षं लपून राहिली आणि १८४२ मध्ये जहाजाने उत्तरेला गेली. रॉबर्ट स्मॉल्सने तर अख्खी आगबोटच पळवली. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, त्याने चार्ल्सटन बंदरातून ‘प्लँटर’ बोट काढली. आपलं आणि साथीदारांचं कुटुंब वाटेत चढवून घेतलं. डोक्यावर कप्तानाची टोपी घातली, किल्ल्यांसमोर ठरलेल्या शिट्ट्या दिल्या आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. लिंकन यांची घोषणा त्यानंतर साडेसात महिन्यांनी आली.

इतक्या लांबच्या गोष्टीशी आपला काय संबंध, असं वाटेल. जोतीराव फुल्यांना संबंध दिसला होता. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना लिहिली. मुलांना हे सांगितलं की पुस्तकातलं अमेरिका प्रकरण परकं राहत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मी वर्गात गोव्याचा नकाशा फळ्यावर काढते. जुनं गोवे शहर तिसवाडी बेटावर. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. पोर्तुगीजांनी मोझांबिककडून आणलेले गुलाम या शहरात घरकाम करत, पालख्या वाहत, जहाजांवर राबत. खाडीच्या पलीकडचं फोंडं १७६३ पर्यंत पोर्तुगीजांकडे नव्हतं. आधी तिथे आदिलशाही होती. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश पाणी ओलांडून प्रियोळला नेला गेला, ते याच सीमेपलीकडे. देवांसारखी माणसंही या पाण्यातून पलीकडे जात होती. गुलाम पळून मुसलमानांच्या मुलखात जातात, ही पोर्तुगीजांची नेहमीची तक्रार होती.

मग मी मुलांना विचारते: तुम्ही त्या बेटावर आहात, आज रात्री निघायचंय, काय काय लागेल? आधी मुलं म्हणतात, हिंमत. मी म्हणते, ती आहे असं धरा, पुढे? मग हळूहळू येतं. ओहोटीची वेळ. होडी. बाणस्तारीच्या नाक्यावर पहारा असतो, तो टाळायचा. खाडीत मगरी आहेत, आजही पर्यटकांना होडीतून दाखवतात. पलीकडे भाषा कोणती? ओळखीचं कोण? बरोबर मूल असेल तर? आणि मागे कोण राहणार? अर्ध्या तासात वर्गाला कळतं की पळून जाणं म्हणजे आंधळी धाव नव्हे. त्यात महिन्यांची टेहळणी असते.

कोणीतरी विचारतंच, ते जहाजाने घरी आफ्रिकेला का गेले नाहीत? मग वाऱ्यांचा धडा होतो. आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे नेणारे वारे साधारण नोव्हेंबर ते मार्च वाहतात. पावसाळ्यात तर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. आणि जी जहाजं जात, त्यांवर गुलामांचा व्यापार करणारेच बसलेले. घरी परतायचा रस्ता जवळजवळ नव्हता. म्हणून लोक खाडी ओलांडून घाट चढले. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलांत आज सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्याकडून निसटलेले होते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत; बोली कोकणी-मराठीच्या वळणाची आहे. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सरकारी कागद पोचायला किती पिढ्या गेल्या, ते मोजा.

आणि ते जंगलात का गेले? पलीकडे आदिलशाहीतही हबशी गुलाम विकत घेतले जात होते. बऱ्याच जणांना ते पुरेसं वाटलं नसावं.

इथे वर्गात एक शांतता होते. मलिक अंबरचं नाव आलं की आपली मुलं ताठ बसतात. बसावंच. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कारभारी होतो, १६१० मध्ये खडकी वसवतो, आजचं छत्रपती संभाजीनगर तिथूनच वाढलं. पण तो गुलामीच्या शिडीने वर चढला. ती शिडी शाबूत राहिली. त्याच्या फौजेतही विकत आणलेले हबशी होते. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, विकणारे आपलेच होते का?” मी म्हटलं, “हो. आणि पळणारेही.”

आपल्याकडे या प्रश्नावर एक तयार उत्तर असतं: इस्लामने गुलाम मुक्त करणं पुण्याचं मानलं, हजरत बिलाल यांना बघा. हे खरं आहे. जकातीच्या खर्चातही गुलाम सोडवणं येतं. पण शतकानुशतकं मुसलमान व्यापाऱ्यांनी माणसं विकली आणि मुसलमान घरांनी विकत घेतली, हेही खरं आहे. एक सांगून दुसरं झाकलं तर मुलं आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. पोर्तुगीज ख्रिस्ती होते, विकली जाणारी काही माणसंही बाप्तिस्मा घेतलेली होती. कोणत्याच धर्माला इथे हात झटकता येत नाहीत.

इराणी आखाताची कागदपत्रं या बाबतीत फार बोलकी आहेत. तिथले मोती मुंबईच्या बाजारात यायचे. त्यांसाठी बुडी मारणाऱ्यांत आफ्रिकेतून आणि बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून पळवून आणलेले गुलाम होते. मालक मुसलमान, गुलामही मुसलमान. १९२० आणि १९३० च्या दशकांत शेकडो जण निसटून ब्रिटिश एजंटाच्या दारात पोचले. इंग्रजांचं धोरणही स्वच्छ नव्हतं: समुद्रावरचा व्यापार रोखायचा, घरातली गुलामी चालू द्यायची. पण दारात आलेल्याचा जबाब घेतला जाई. नाव, वय, जन्मगाव, कोणी पळवलं, कोणाला विकलं, का निघालो. मग मुक्तीचा दाखला. लहानपणी विकला गेलेला माणूस मोठेपणी आपलं गाव सांगतो, हे वाचताना वर्ग हलत नाही. सौदी अरेबियात गुलामगिरी १९६२ मध्ये बंद झाली, ओमानमध्ये १९७० मध्ये. तुमच्या आजोबांच्या हयातीतली गोष्ट आहे ही.

आता हे तुम्हाला का सांगते ते सांगते. माझा एक जुना विद्यार्थी आखातात कामाला गेला. पोचला त्याच दिवशी पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला. पाच महिने पगार नाही. शेवटी एका रात्री मुक्कामावरून निघून तो आपल्या वकिलातीत पोचला आणि पुढे परत आला. त्याला मी गुलाम म्हणणार नाही. तो करार करून, स्वतःच्या मर्जीने गेला होता. दोन गोष्टी एक करू नयेत. पण गावात त्याला काय ऐकावं लागलं? “कर्ज काढून पाठवला आणि हा पळून आला.” तो वर्षभर लग्नकार्याला जाईना. त्याने वाट विचारून घेतली होती, दूतावासाचा पत्ता पाठ केला होता, पासपोर्टची झेरॉक्स बुटात ठेवली होती. डग्लसच्या उसन्या कागदांची गोष्ट त्याने माझ्याच वर्गात ऐकली होती की नाही, मला ठाऊक नाही. पण गावाने ऐकलेली असती, तर त्याला पळपुटा म्हटलं नसतं.

तुमच्यातले काही जण शिक्षक होणार आहात, त्यांना दोन विनंत्या. वर्गात मुलांना गुलाम आणि मालक बनवून नाटक करू नका. ज्यांच्या घरात वेठबिगारी होऊन गेली, त्यांच्यासाठी तो खेळ नसतो. आणि प्रश्नपत्रिकेत “कोणी बंद केली” याच्या शेजारी “कोण निघालं, कसं निघालं” हाही प्रश्न ठेवा.

बाकीच्यांना एक काम. १९७६ च्या कायद्याने आपल्या देशात वेठबिगारी गुन्हा आहे. वीटभट्टीवर, शेतावर उचलीपायी अडकलेल्या माणसाला जिल्हा प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळू शकतं. तो कागदही मागून येतो. आधी कोणीतरी तिथून उठून तहसीलपर्यंत चालत जावं लागतं. तसा माणूस तुमच्या दारात आला, तर त्याला पाणी द्या, “का पळालास” असं विचारू नका, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. नाव, गाव, किती दिवस, कोणाकडे.