गाडगं पाण्याचं नव्हतं

(वाचनालयाच्या गच्चीवर केलेलं भाषण. बोललो तसं लिहून काढलंय, शिव्या तेवढ्या गाळल्या.)



मला विषय दिलाय 'सिनेमा आणि इतिहास'. विषय देणाऱ्यानं मोठा दिला, पण मला आज रात्रपाळी आहे. म्हणून मी फक्त दोन वस्तूंवर बोलणार. एक गाडगं, दुसरा झाडू.

२०२५ च्या एप्रिलात 'फुले' नावाचा हिंदी सिनेमा यायचा होता, अनंत महादेवनचा. ११ एप्रिल, जोतिबांची जयंती, ही तारीख ठरलेली. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली आणि सिनेमा २५ तारखेवर गेला. सेन्सॉर बोर्डानं सुचवलेल्या बदलांची यादी तेव्हा पेपरात आली. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, कित्येक वर्षांची म्हणा. आणि झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य बदला, त्या जागी सावित्रीबाईंवर शेणगोळे फेकणारी पोरं दाखवा.

हा शेवटचा बदल नीट बघा. शेण चालतं, झाडू चालत नाही. का? शेण फेकणारी पोरं म्हणजे चार वाह्यात कार्टी. अशी कुठल्याही काळात, कुठल्याही गल्लीत असतात. त्यांना दोष दिला की प्रकरण मिटलं. कमरेला झाडू बांधलेला माणूस ही टवाळकी नाही. तो कायदा आहे. त्याच्यामागं राज्य आहे, वेशीवरचा पहारेकरी आहे, शास्त्र सांगणारा आहे. म्हणून कात्री झाडूवर चालली. ज्यानं ही यादी केली त्याला इतिहास कळत नाही असं म्हणू नका. त्याला चांगला कळतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळानं ते होऊ दिलं नाही, तेव्हा बाबासाहेबांनी स्वतःच्या पैशानं छापलं. (ते भाषण झालंच नाही आणि अजून गाजतंय. आपली भाषणं होतात आणि चहाबरोबर संपतात.) त्यात पेशव्यांच्या राज्याचं वर्णन आहे. अस्पृश्यानं मनगटात नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा, चुकून कुणी शिवू नये म्हणून. आणि खुद्द पुण्यात कमरेला झाडू, आपण तुडवली ती धूळ आपणच मागं झाडत जायची. गळ्यात मातीचं गाडगं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून.

एवढं आपल्यातलं शेंबडं पोरसुद्धा पाठ म्हणतं. एक जानेवारीला स्टेजवरून दहा वेळा ऐकतो आपण. पण वापरून बघितलंय का कुणी? मी हमाल माणूस, मला आधी वजन कळतं. गळ्यात गाडगं आहे म्हणजे दोरी मानेला काचणार. चालताना ते छातीवर आपटणार. वाकलास की सांडणार, आणि सांडलं तर गुन्हा. म्हणजे रस्त्यात पडलेली वस्तूसुद्धा वाकून उचलता येत नाही. मागं झाडू पायात येतो, म्हणजे पळता येत नाही. उन्हात त्या गाडग्याचा वास थेट नाकाखाली. खोकला झालेल्या माणसानं काय करायचं? संध्याकाळी ते ओतायचं कुठं? ज्या माणसानं हा रिवाज काढला त्यानं माणसाच्या शरीराचा मोठा अभ्यास केलेला होता. सिनेमावाल्याला खरंच पेशवाई दाखवायची असेल तर एवढं एकच चालणं दाखवावं, वेशीपासून बाजारापर्यंत. संवाद लागणार नाही.

आता सिनेमावाल्यांच्या आवडीची गोष्ट सांगतो. त्यांना सकाळ-संध्याकाळचा तिरपा, सोनेरी उजेड फार आवडतो. वाड्याच्या भिंती झळकतात, घोडे चमकतात, नथ चमकते. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात नोंद केलीय, की महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत मज्जाव होता. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, आणि सावली भटजीच्या अंगावर पडली तर विटाळ. म्हणजे ज्या उजेडात ही मंडळी पेशवाई रंगवतात, बरोबर त्याच उजेडात आपल्याला गावाबाहेर हाकललेलं होतं. पडद्यावर आपण दिसत नाही ते कदाचित बरोबरच असेल! पण दुपारी बाराचा सीन घेतला तरी आपण दिसत नाही, त्याचं काय?

२०१५ ला 'बाजीराव मस्तानी' आला. काशीबाई पिंगा घालताना दाखवली म्हणून पुण्यात केवढा गहजब झाला. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. खानदानी बाई अशी नाचेल काय, लुगडं असं नेसेल काय. मी म्हणतो, घ्या हरकत. आपल्या घरच्या रिवाजाची चाड असणं वाईट नाही. पण त्याच सिनेमातल्या पुण्यात गळ्यात गाडगं अडकवलेला एक माणूस नाही, निदान मला तरी दिसला नाही, आणि ह्याबद्दल कुठल्याही वंशजाची हरकत माझ्या कानावर आली नाही. लुगड्याच्या निऱ्या चुकल्या तर इतिहासाचा खून. अख्खी माणसं गाळली तर कलेचं स्वातंत्र्य!

आपल्याला नेहमी एक ऐकवलं जातं. आजच्या नजरेनं तेव्हाच्या रूढी बघू नका, तेव्हा त्यांचा अर्थ वेगळा होता. वेगळा होता, पण कुणाला? पेशवाई बुडाली १८१८ ला. १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या मुलीनं, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या, 'ज्ञानोदय'मध्ये निबंध छापला. वय चौदा. त्यात ती लिहिते, की बाजीरावाच्या राज्यात महार-मांग तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं उडवून तलवारीच्या दांडूनं चेंडूसारखं खेळत. मधे सदतीसच वर्षं गेलेली. तिनं हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं असणार. ही आजची नजर आहे का? चौदा वर्षांच्या मुलीला जो अर्थ तेव्हा कळत होता, तो आज कोटी-कोटी खर्चणाऱ्या डायरेक्टरला कळत नाही. आणि वर आपल्यालाच सांगतात, जपून बघा.

पण मित्रांनो, अर्थ बदलतो हे खोटं नाही. तिथंच खरी भानगड आहे.

गाडगेबाबा घ्या. १८७६ चा जन्म, जातीनं परीट. डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर, हातात खराटा. त्याच दोन वस्तू! पुण्यात ज्या जबरदस्तीनं अंगावर लादल्या, त्याच ह्या माणसानं आपण होऊन उचलल्या. आपल्या पावलांची धूळ झाडायला नाही, सगळ्या गावाची घाण काढायला. गावाच्या घाणीचा मालक गाव आहे हे दाखवायला. दिवसा रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावाची डोकी झाडायची. आणि बाबासाहेबांच्या पाठोपाठ, २० डिसेंबर १९५६ ला गेले. राजदत्तांनी १९७७ साली त्यांच्यावर 'देवकीनंदन गोपाळा' काढला, लागू गाडगेबाबा झाले. लागूंनी काम चोख केलं, त्यात वाद नाही. पण त्या सिनेमाला गेलेल्या पांढरपेशा माणसानं गाडगं आणि खराटा बघून हात जोडले, आणि हात जोडले की विचारायचं राहून जातं, की बाबा, ह्या वस्तू ह्याच्या आधी कुणाच्या अंगावर होत्या.

पुढं तर मजाच. २ ऑक्टोबर २०१४ पासून मंत्री-संत्री, नट-नट्या सगळे झाडू घेऊन कॅमेऱ्यापुढं. स्वच्छ रस्त्यावर आधी पाला टाकायचा, मग झाडायचा. झाडू आता देशभक्ती झाला. गटारात उतरणारा मात्र अजून आपलाच. त्याच्या हातातला झाडू कुणाला पवित्र दिसत नाही.

आता सेटवरची गोष्ट. ज्याची आहे तो इथंच मागं बसलाय. त्याला विचारून सांगतोय, आणि सिनेमाचं नाव घेणार नाही.

दिवाळीनंतर आपल्या नाक्यावर एक ज्युनियर आर्टिस्टचा सप्लायर आला. मुंबईबाहेर सेट, ऐतिहासिक सिनेमा, दिवसाचे आठशे, नाश्ता-जेवण. माणसं कशी पाहिजेत? काळी, हडकुळी. आपली अठरा पोरं गेली. तिथं सगळ्यांच्या अंगाला राख फासली, फाटकी धोतरं दिली, गळ्यात गाडगं, कमरेला झाडू. गाडगं फायबरचं, वरून मातीचा रंग. झाडू कोरा, दुकानातून आणलेला. असिस्टंट सारखा ओरडतोय, वाक जरा, गरीब दिस. आपल्या पोरानं सांगितलं, साहेब, गाडगं असलेला माणूस वाकत नाही, सांडेल. असिस्टंट म्हणाला, काय सांडेल, पाणी?

ऐका नीट. त्याला वाटत होतं ते पाण्याचं गाडगं आहे. गरीब माणूस आहे, उन्हातून चाललाय, बरोबर पाणी घेतलंय. पोरगा म्हणाला, ते थुंकीचं आहे. तो हसला. म्हणाला, असू दे, पब्लिकला काय कळतंय. आणि पुढच्या शॉटला त्यानं पोराला सांगितलं, झाडाखाली बस आणि गाडग्यातलं पाणी पी. छान दिसेल. तीन टेक झाले. पोरगा तीन वेळा प्याला.

त्याला कुणी काही बोलायचं नाही. आठशे रुपये म्हणजे काय ते इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यानं मेकअपमधला फोटो घरी पाठवला. आजीनं बघितला आणि फोन करून विचारलं, हे कुणी घातलं रे तुझ्या गळ्यात? तो म्हणाला, आजे, मेकअपवाल्यानं. तिनं फोन ठेवला.

माझं म्हणणं एवढ्यासाठी आहे. सेन्सॉरनं झाडू कापला, ह्यांनी झाडू दाखवला. वर वर बघता हे बरे. पण कापलेला झाडू निदान भीतीनं कापला, त्याची धार त्यांना माहीत होती. इथं धारच काढून टाकली. थुंकीचं गाडगं पाण्याचं केलं. दहा वर्षांनी आपलीच पोरं तो सिनेमा बघतील आणि म्हणतील, आपले पूर्वज प्रवासात पाणी घेऊन जायचे.

रिवाज कसा दाखवायचा ते बघायचं असेल तर सत्यजित रायचा 'सद्गती' बघा, १९८१ चा, प्रेमचंदांच्या कथेवरचा. तासाभराच्या आतला आहे. दुखी चांभार, म्हणजे ओम पुरी, पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला बामणाकडं जातो. बामण त्याला उपाशीपोटी लाकूड फोडायला लावतो, तो तिथंच मरतो. एक गोंड जाऊन चांभारवाड्यात सांगतो, मुडद्याला हात लावू नका, पोलीस येतील. मग कुणीच येत नाही. मुडदा वाटेत पडलेला. शेवटी बामणच त्याच्या पायाला फास घालून ढोरासारखा ओढत गावाबाहेर नेतो. बामण झालाय मोहन आगाशे, 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस केलेला. बघा, ढोर ओढायचं काम कुणाचं? ते पिढ्यान् पिढ्या ज्यांनी केलं त्यांनी एक दिवस केलं नाही, तर ते कुणाच्या हातात आलं! रायनं त्यावर भाषण दिलं नाही. फक्त दोरी दाखवली.

ही न करण्याची गोष्ट आपल्या सिनेमात कुठं आहे? काळ बदलला, रूढी गेल्या, असं म्हणतात. जशी काय पानगळ. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर ओढू नका, ते खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका. ज्यांनी ऐकलं त्यांचं गावोगाव पाणी बंद, बलुतं बंद, दुकानात मीठ मिळेना. वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ ला कौन्सिलात बिल आणलं. कायद्यानं ते वतन जायला १९५८ उजाडलं. तीस वर्षं! आणि २०१६ ला उन्यात मेलेल्या गाईचं कातडं काढलं म्हणून पोरांना गाडीला बांधून मारलं. मारणाऱ्यांनी स्वतःच शूटिंग करून फिरवलं. त्यावर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली, तुमची आई तुम्हीच उचला म्हणाले. हे सगळं घडलेलं आहे. कुणाला लिहायची गरज नाही, नुसता कॅमेरा लावायचा.

इथल्या काही लोकांचं म्हणणं, आपण असल्या शूटिंगला जायचंच नाही. खोटं असलं तरी ते गाडगं पुन्हा गळ्यात का घ्यायचं? आक्कांनी मघाशी हेच सांगितलं आणि त्यात तथ्य आहे. पण आपण गेलो नाही तर सप्लायर दुसऱ्या वस्तीत जाईल आणि सिनेमा निघायचा तो निघेलच.

माझं वेगळं मत आहे. पुढच्या शेड्यूलला चाळीस माणसं लागणार आहेत, बाजाराचा सीन आहे. चाळीसच्या चाळीस आपल्या नाहीतर शेजारच्या वस्तीतून जाणार. गोदीत टोळी बसली की जहाज उभं राहतं आणि मालकाचं डॅमरेज चालू होतं. सेटवरसुद्धा कॅमेऱ्याचं भाडं चालूच असतं, घोड्याचं भाडं चालू असतं, हिरोची तारीख जात असते. अठरा जण होते तेव्हा प्रत्येक जण एकटा होता. चाळीस जण आधी ठरवून गेले तर गोष्ट वेगळी. गाडगं थुंकीचं आहे हे पडद्यावर कळलं पाहिजे. घालणारा महार आहे, मांग आहे, हे कुणाच्या तरी तोंडून आलं पाहिजे. आणि आधीचा तो पाण्याचा शॉट काढून टाकला पाहिजे. नाही म्हणाले तर मेकअपसकट सगळ्यांनी गाडगी काढून सेटवर एका ओळीत ठेवायची आणि बाजूला बसायचं. आठशे बुडतील. ज्यांना ते परवडणार नाहीत त्यांच्यासाठी वर्गणी काढू, मी माझ्या टोळीतून सुरुवात करतो.

सप्लायर सोमवारी सकाळी नाक्यावर येतोय. म्हणजे रविवारपर्यंत ठरलं पाहिजे. आक्का, तुम्ही हात वर केला होता, बोला. मला दहाची पाळी आहे, साडेनऊपर्यंत मी इथंच बसलोय.